तरवडाची देवी

तरवडाला आपल्याकडे कोणी विचारत नाही. देगलूरहून नांदेडला जाताना, लातूर-सोलापूरच्या रस्त्याला, नगरकडच्या माळांवर, पावसाळा सरत आला की नुसत्या मुरमातही ही कंबरेएवढी झुडपं पिवळीधमक फुलतात. पूर्वी कातडी कमवायला त्याची साल जायची, एखादा वैदू पाला न्यायचा. बाकी गुरंसुद्धा सहसा तोंड लावत नाहीत. कुरडूची तऱ्हा त्यातल्या त्यात बरी. कोवळा असताना त्याची भाजी होते, पण तुरा आला की तो तण. ज्वारीतून उपटायचा आणि बांधावर फेकायचा.

देगलूरची हद्द ओलांडून मदनूर-बोधनकडे गेलं की मात्र हीच दोन झाडं नऊ दिवस देवी होतात. तरवडाला तिथे तंगेडू म्हणतात, कुरडूला गुनुगु. तेलंगणा वेगळं झाल्यावर त्या लोकांनी राज्याचं फूल निवडलं तेव्हा कमळाला नाही, जाई-जुईला नाही, तंगेडूला मान दिला. तिथल्या बायका नवरात्राच्या दिवसांत याच फुलांची उतरंड रचून तिला देवी मानतात; त्या देवीचं आणि त्या सणाचंही नाव बतुकम्मा. ती ज्याने पाहिली आहे त्याला या निवडीचं नवल वाटत नाही.

लग्नानंतर आमचं बिऱ्हाड काही वर्षं हनमकोंड्याला होतं. हे वरंगळचं जुळं गाव. दोन्हींची वस्ती एकमेकांत इतकी मिसळली आहे की रिक्षावाल्यालाही हद्द सांगता येत नाही. मी देगलूरची असल्यामुळे तेलुगू कानावर होतं आणि आमच्या गावातल्या तेलुगू घरांतून बतुकम्मा लांबून पाहिलेलीही होती. पण लांबून ती फुलांची एक उतरंड दिसते. जवळून काय असते ते हनमकोंड्याच्या गल्लीत कळलं.

सुरुवातच आपल्या मराठी मनाला चमत्कारिक वाटते. भाद्रपद अमावास्या म्हणजे आपली सर्वपित्री. आपल्याकडे त्या दिवशी पितरांचं पान वाढलं, कावळ्याला घास ठेवला, की दिवस संपला. शुभकार्य नाही, नवी खरेदी नाही. जे काय व्हायचं ते दुसऱ्या दिवशी घट बसल्यावर. तेलंगणात सकाळी पितरांच्या नावाने शिधा देतात, आणि त्याच दिवशी संध्याकाळी घरातल्या बायका नव्या साड्या नेसून, डोक्यावर फुलांची देवी घेऊन देवळाच्या आवारात गोल धरतात. मधे अंघोळ नाही, सोयरसुतक उतरवल्यासारखा कुठला विधी नाही. दुपारी सासऱ्यांच्या आठवणीने डोळे पुसणारी शेजारीण संध्याकाळी टाळ्या वाजवत फेर धरताना दिसली आणि मला ते आधी खटकलं, मग आवडलं.

त्या पहिल्या दिवसाला म्हणतात एंगिली पूला बतुकम्मा, उष्ट्या फुलांची. कोणी म्हणतं फुलं आदल्या दिवशी आणून ठेवलेली असतात म्हणून, कोणी म्हणतं बायका जेवून मग रचायला बसतात म्हणून. पुढचे दिवस नैवेद्यावरून ओळखायचे. पोह्यांचा, घट्ट वरणाचा, भिजवलेल्या तांदळांचा, मग अट्लु म्हणजे धिरड्यांचा. सातव्या दिवशी तांदळाच्या पिठाच्या निंबोळ्या तळतात, आठव्याला लोणी, तीळ आणि गुळाचे गोळे. नवव्या दिवशी, दुर्गाष्टमीला, सद्दुला बतुकम्मा. ती सगळ्यांत मोठी.

सहावा दिवस मी मुद्दाम मागे ठेवला. सहाव्या दिवशी बतुकम्मा रुसते. त्या दिवशी फुलं रचायची नाहीत, नैवेद्य नाही, फेर नाही. का रुसली, तर एकदा म्हणे तिला मांसाचा तुकडा लागला. दुसरं घर दुसरं कारण सांगेल. कारणात कोणाला फार रस नसतो, रुसण्यात असतो. नवरात्राच्या ऐन मध्यावर एक दिवस देवीने सुट्टी घ्यावी आणि भक्तांनी तिची समजूत घालायला न जाता तिला रुसू द्यावं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. नऊ दिवस सलग फुलं निवडणाऱ्या बायकांच्या कंबरेलाही तो दिवस पावतो, हा आपला माझा तर्क.

रचायचं काम दुपारी सुरू होतं. फुलं आणायची जबाबदारी पुरुषांची. पहाटे मुलं आणि बाप्ये सायकलींवर, मोटारसायकलींवर पोती बांधून माळावर जातात आणि भारे आणून अंगणात टाकतात. तिथून पुढे त्यांचं काम संपलं. आमच्या गल्लीत रचणाऱ्यांची पुढारी होती एक अव्वा, म्हणजे म्हातारी आजी, सगळ्या गल्लीचीच. तिच्या अंगणात मोठी चटई पडायची आणि आम्ही सहा-सात जणी गोल बसायचो. मला सगळे वदिना म्हणायचे, म्हणजे वहिनी, आणि वदिनेला पहिल्या वर्षी सगळ्यांत खालचं काम: देठं एकसारखी कापायची. तंगेडूची नाजूक डहाळी बोटभर ठेवायची, गुनुगुचा तुरा थोडा लांब. दिसायला सोपं. प्रत्यक्षात कात्रीने अंगठ्याला फोड येतो आणि अव्वा काही न बोलता तुमची कापलेली जुडी बाजूला सारून पुन्हा समोर ठेवते.

कुरडूचा तुरा मुळात पांढरा-गुलाबी. त्याच्या छोट्या छोट्या जुड्या दोऱ्याने बांधून बाजारच्या रंगात बुडवतात. जांभळा, हिरवा, भडक गुलाबी, निळा. बुडवायच्या आणि भिंतीला टेकवून वाळवायच्या. नवरात्रभर गल्लीतल्या सगळ्या बायकांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असतात, बँकेत नोटा मोजणारीचेसुद्धा. मग पितळी तांबाळम, मोठी परात, मधे ठेवायची आणि तिच्यात भोपळ्याची पानं पसरायची. पहिला थर तंगेडूचा. फुलं बाहेर, देठं आत. मग गुनुगु, मग झेंडू, पुन्हा गुनुगु, शेवंती, कोंबड्याची लालभडक फुलं. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बोटभर आत घ्यायचा, म्हणजे वर जाताना निमुळतं होतं. मधे जी पोकळी राहते तिच्यात कापलेली देठं, पानांचा चुरा, मोडकी फुलं दाबून भरायची. वरचा सगळा डौल आतल्या या कचऱ्यावर उभा असतो. भरण कमी पडली तर चौथ्या-पाचव्या थराला बतुकम्मा एका अंगाला कलते. अव्वा तळव्याने हलकेच थापटत गोल फिरवायची आणि कुठे पोकळ आहे ते नुसत्या हाताला ओळखायची. सगळ्यांत वर भोपळ्याचं पिवळं फूल, आणि त्यात विड्याच्या पानावर हळदीची गौरम्मा. हळद कालवायची, चिमटीने तिला सुळका द्यायचा, कुंकवाचं बोट लावायचं. झाली देवी.

मूर्तिकार नाही, भटजी नाही, मुहूर्त नाही, प्राणप्रतिष्ठा नाही. आदल्या दिवशीची देवी तळ्यात गेलेली असते, आज पुन्हा पहिल्यापासून.

एका वर्षी गल्लीतल्या कॉलेजकन्यांनी शेजारच्या गल्लीपेक्षा उंच रचायचा घाट घातला. अव्वाने पाहिलं आणि एवढंच विचारलं, “उचलणार कोण गं? तुझा बाप?” ओली फुलं आणि पितळी परात मिळून जे वजन होतं ते डोक्यावर घेऊन अर्धा कोस चालायचं असतं, हे उत्साहाच्या भरात खरंच कोणाच्या लक्षात येत नाही. दोन थर निमूट उतरवले.

हनमकोंड्यात पहिल्या दिवसाची बतुकम्मा पाहायची ती हजार खांबांच्या देवळात. काकतीय राजा रुद्रदेवाने ११६३ साली बांधलेलं हे त्रिकुट देऊळ, शिव, विष्णू आणि सूर्य अशा तीन गाभाऱ्यांचं. काळा दगड इतका घासून गुळगुळीत केलेला की खांबात तोंड दिसावं. एरवी तिथे शाळेच्या सहली आणि पुरातत्त्व खात्याच्या पाट्या. अमावास्येच्या संध्याकाळी मात्र आत पाय ठेवायला जागा नसते. गाभाऱ्यातला महादेव त्या दिवशी यजमान, एवढंच. सगळं लक्ष आवारात. फरसबंदीवर बतुकम्मा मांडलेल्या, त्यांच्याभोवती बायकांचं कडं, त्या कड्याभोवती दुसरं. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी शेवटी ‘उय्यालो’ उचलायचं. दोन पावलं पुढे, कमरेत वाकून टाळी, सरळ होऊन टाळी. एवढंच नाच म्हणून. साठीची बाई आणि सहावीतली मुलगी एकाच कड्यात असल्यावर पावलं सोपीच हवीत. पुरुष कडेला मोबाइल उंच धरून उभे. त्यांना आत घेत नाहीत आणि त्यांनाही आत यायचं नसतं.

अव्वा विधवा होती. फेरात नसायची, दगडी पायरीवर बसायची. पण ओळ सोडायची ती तिनेच. तिच्याइतकी गाणी पाठ असलेली दुसरी कोणी नव्हती, आणि तिचा आवाज चिरका, लांबवर जाणारा. खेळ संपल्यावर वरची गौरम्मा उतरवून तिची हळद बायका एकमेकींच्या गालाला आणि मंगळसूत्राला लावतात. ती वाटी अव्वाच्या पायरीशी यायची आणि वळसा घालून पुढे जायची. गाणं तिचं, हळद इतरांची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारणीकडे बघितलं. तिने नजर खाली घातली आणि वाटी पुढे दिली. पुढे एका वर्षी अव्वाच्या धाकट्या नातीने सरळ तिच्या गालाला हळद फासली. अव्वा तिच्यावर खेकसली. पण पुसली नाही.

या गाण्यांची मोठी गंमत आहे. चाल एकच, संथ, झोक्यासारखी. त्यात काहीही बसतं. रामायणातला प्रसंग बसतो, सासूचं गाऱ्हाणं बसतं, माहेराहून न आलेला भाऊ बसतो, यंदा न पडलेला पाऊस बसतो. हादग्याची, भोंडल्याची गाणी आठवून बघा, करंजीपासून कारल्याच्या वेलापर्यंत काय काय येतं, तसंच. फरक एवढाच की भोंडल्याची गाणी मुलींच्या तोंडी राहिली आणि हसण्यावारी गेली. बतुकम्माच्या गाण्यांत बायकांनी मोठी दुःखंही घातली. दुष्काळ घातला, जमीनदाराचा जाच घातला. स्वतंत्र तेलंगणाच्या आंदोलनात तर बायकांनी भर रस्त्यावर परात मांडून याच चालीवर मागण्या गायल्या. पोलिसांना लाठी उगारायची पंचाईत, कारण समोर देवी आणि बायका. राजकारण्यांनी भाषणांतून जे केलं त्यापेक्षा या गोलाने लोकांना जास्त जवळ आणलं, असं मला तिथे अनेकांनी सांगितलं आणि मला ते पटतं.

याच गोलाला एक काळी आठवणही चिकटलेली आहे. निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार आपल्या मराठवाड्याला सांगायला नकोत. आमच्या घरातही त्या दिवसांत रातोरात गाव सोडल्याच्या गोष्टी आहेत. वरंगळच्या बाजूच्या खेड्यांत जुनी माणसं सांगतात की रझाकारांनी गावं जाळली तेव्हा बायकांना विटंबना करून, बळजबरीने बतुकम्मा खेळायला लावली. १९४८ च्या ऑगस्टमधल्या भैरनपल्लीच्या हत्याकांडाबरोबर ही आठवण नेहमी निघते. बायकांची एवढी स्वतःची असलेली गोष्ट हुडकून तीच त्यांच्यावर उलटवायची, यातली दुष्टबुद्धी विचार करू तितकी खोल जाते. आणि तरी त्या गावांतून बायका पुन्हा खेळायला लागल्या.

उत्पत्तीच्या कथा विचाराल तर त्या आहेत, नेहमीसारख्या. शंभर मुलं गमावलेल्या चोळ राजाला लक्ष्मीच्या कृपेने मुलगी झाली, ऋषींनी तिला ‘जग गं बाई’ असा आशीर्वाद दिला, तेच तिचं नाव पडलं. दुसरी कथा वेमुलवाड्याची: चोळांनी तिथलं शिवलिंग उचलून तंजावरच्या बृहदीश्वराला नेलं, मागे राहिलेल्या पार्वतीच्या दुःखावर लोकांनी फुलांचा डोंगर रचला. मला यांतल्या कुठल्याच कथेची गरज वाटत नाही. गल्लीतही कोणी त्या सांगत बसत नव्हतं. ज्या मुसाफिराला तंगेडूचं झुडूप ठाऊक नाही त्याला सण समजावताना कथा लागते. तसंच हल्ली एक पालुपद ऐकू येतं, की या फुलांनी तळ्याचं पाणी शुद्ध होतं म्हणून पूर्वजांनी ही योजना केली. प्रत्येक सणाला प्रयोगशाळेचा शिक्का शोधायची ही हौस कंटाळवाणी आहे. बाजारू रंगात बुडवलेला गुनुगु कुठलं पाणी शुद्ध करणार?

सद्दुलाच्या दिवशी गावाची तऱ्हाच वेगळी. लग्न झालेल्या मुली माहेरी आलेल्या असतात, बस स्टँडवर गर्दी मावत नाही. सासर-माहेर दोन्ही साधायची युक्ती म्हणजे वेमुलवाडा. तिथे सद्दुला सातव्या दिवशीच होते, त्यामुळे सातव्याला एका घरी आणि नवव्याला दुसऱ्या घरी अशी बाईला दोन्हीकडची मिळते. घरोघर पाच प्रकारचे भात: दह्याचा, चिंचेचा, लिंबाचा, ओल्या नारळाचा, तिळाच्या कुटाचा. आणि मलिदा, ज्वारी-बाजरीच्या भाकरीचा गूळ घालून कुस्करलेला. आपला तो मलिदा हाच. दर्ग्यावरही चढतो आणि गौरम्मेलाही चालतो. दख्खनच्या स्वयंपाकघराला धर्म विचारायचा नाही.

हनमकोंड्यात त्या संध्याकाळी सगळे जातात पद्माक्षीच्या डोंगराकडे. पायथ्याशी तळं. काळोख पडायच्या आत वाटा भरून वाहायला लागतात आणि प्रत्येक वाटेवर माणसांच्या डोक्यांच्या वर दुसरी एक रांग दिसते, फुलांच्या कळसांची, चालीबरोबर डुलणारी. खेळ होतो, दोन-तीन तास. मग परात पाण्यापर्यंत न्यायची. बाई गुडघाभर पाण्यात उतरते, बतुकम्मा परातीतून अलगद पाण्यावर सरकवते आणि परात रिकामी घेऊन मागे येते. ‘जाऊन ये गौरम्मा, पुढच्या वर्षी ये’ अशा अर्थाचं गाणं चालू असतं, आपल्या गणपतीला घालतो तशीच गळ. घरी जायच्या आधी ओटीवाण्याची देवघेव. एकीने ‘देते बाई वाण’ म्हणायचं, दुसरीने ‘घेते बाई वाण’ म्हणत पदर पुढे करायचा. परातीत शेवटी भात कोणाचा आणि मलिदा कोणाचा याचा पत्ता राहत नाही.

पत्ता राहत नाही म्हणाले, पण हे शहरातलं. खेड्यांत जातवार वेगवेगळे गोल असायचे आणि काही ठिकाणी अजून असतात. दलित बायकांनी आपली परात लांब मांडायची, त्यांचं पाण्यात उतरायचं ठिकाणही निराळं. रानातल्या फुलाला जात नाही वगैरे लिहायला छान असतं. फुलाला नसते, परातीला असते.

झाडालाच देवी करायची ही रीत आपल्यालाही परकी नाही. कोकणात गौरी येते ती तेरड्याची. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतो आपण, आणि त्याच तीन दिवसांच्या रंगाला साडी-दागिने घालून पाटावर बसवतो. खानदेश-विदर्भात भुलाबाई आहे, मातीची. तेलंगणातही बतुकम्माच्या आधी कुमारिका मातीची बोड्डेम्मा करतात. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तुकडे होऊन आम्ही इकडे आणि ते तिकडे झालो, पण बायकांचे सण भाषावार प्रांतरचनेला विचारून चालत नाहीत. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या तेलुगू घरांत परात मांडली जाते. सोलापूरच्या पूर्व भागात तर पद्मशाली समाजाने बतुकम्मा चांगलीच रुजवली. मागाच्या कामासाठी तेलंगणातून आलेली ही माणसं. सोलापुरी चादर जगभर गेली त्यात त्यांचा हात आहे. भिवंडीतही तेच. तिथे मैलोन्‌मैल माळ नाही म्हणून गुनुगुची जागा झेंडू घेतो, पण शेवटी ‘उय्यालो’ तेच.

तेलंगणा २ जून २०१४ ला झालं आणि नव्या सरकारने बतुकम्माला राज्याचा सण म्हणून जाहीर केलं. याबद्दल नाकं मुरडणारे मला भेटले आहेत, बहुतेक शहाणे लोक. मी त्यांच्यातली नाही. त्याआधी हैदराबादच्या सुखवस्तू वस्त्यांत बतुकम्मा म्हणजे गावंढळ बायकांचा प्रकार समजत. आंध्राच्या किनारपट्टीला ती नाही, सिनेमात आणि पाठ्यपुस्तकात जी तेलुगू संस्कृती दिसायची तिच्यात तिला जागा नव्हती. ज्या बायकांना आपल्या सणाची लाज वाटायला लावली होती त्यांनी हुसेन सागरच्या बांधावर हजारोंनी परात मांडली, यात मला काही वावगं दिसत नाही.

वावगं पुढे सुरू झालं. २०१६ साली हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियमवर नऊ हजारांहून जास्त बायकांचा फेर धरून विक्रम नोंदवला. २०२५ मध्ये सरूरनगरच्या स्टेडियमवर साठ फुटांहून उंच बतुकम्मा उभी राहिली, तिचाही विक्रम. सरकारं वेगळ्या पक्षांची, हौस एकच. अव्वाचा प्रश्न आठवतो: उचलणार कोण? जी डोक्यावर येत नाही, जी पाण्यात सोडता येत नाही, तिला बतुकम्मा का म्हणायचं? ती फुलांची टोलेजंग कमान झाली. चांगलीही असेल. पण नऊ दिवसांच्या या सगळ्या खटाटोपात बाईच्या मानेला पेलेल एवढंच रचायचं ही जी मर्यादा आहे, तिच्यावरच सणाचं सगळं रूप उभं आहे.

साड्यांचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं. २०१७ पासून सरकारने गरीब घरांतल्या बायकांना बतुकम्माची साडी द्यायला सुरुवात केली, सुमारे एक कोटी साड्यांचं काम. कल्पना अशी की त्या सिरसिल्ल्याच्या यंत्रमागांवर विणायच्या. सिरसिल्ल्यातल्या विणकरांच्या आत्महत्यांच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचत होतो, तेव्हा हे काम म्हणजे खरोखर आधार होता. पहिल्या वर्षी तेवढा माल निघेना म्हणून बराचसा सुरतेहून आला आणि कापड इतकं सुमार निघालं की काही गावांत बायकांनी साड्या रस्त्यावर जाळल्या. देवीच्या नावाने दिलेली साडी जाळायची हिंमत करणाऱ्या बायका मला त्या सणाला शोभेशा वाटल्या. पुढच्या वर्षांत प्रत सुधारली, मागही चालले, हेही खरं.

पण साडी, स्टेज, विद्युत रोषणाई, डीजे, हे सगळं देता येतं. बतुकम्माला जे लागतं ते कुठल्याच अंदाजपत्रकात बसत नाही: पडीक जमीन आणि भरलेलं तळं.

तळ्यांकडे निदान कोणी पाहिलं तरी. काकतीयांच्या काळापासून हा मुलूख तळ्यांवर जगला. रामप्पा, पाखाल, लक्नवरम ही त्यातली नावाजलेली, पण खरी करामत गावोगावच्या लहान तळ्यांची, एकाचं पाणी सांडून दुसऱ्यात जाईल अशी ओवलेली. २०१५ पासून ४६ हजारांहून अधिक तळ्यांचा गाळ काढायचा कार्यक्रम निघाला आणि त्याला त्यांनी नाव दिलं मिशन काकतीय. खेड्यांतून त्याचा फायदा मी ऐकला आहे. शहरात मात्र तळ्यांच्या पोटात कॉलन्या उभ्या राहिल्या. २०२० च्या ऑगस्टमध्ये वरंगळ-हनमकोंड्याच्या वस्त्या छातीभर पाण्यात बुडाल्या, तेव्हा पाणी आपली जुनी वाट शोधत आलं होतं.

पडीक जमिनीला तर वालीच नाही. सातबाऱ्यावर तिला पोटखराब म्हणून टाकतात, तिकडेही तसंच. आमच्या गल्लीतली मुलं पूर्वी गावाबाहेर पडलं की पाच मिनिटांत पोतं भरायची. हळूहळू त्यांना लांब जावं लागायला लागलं. जिथे तंगेडू होता तिथे रंगीत दगड रोवलेले, वर कमान आणि ‘वेंचर’चा फलक, प्लॉट पाडलेल्या जागेला तिकडे वेंचर म्हणतात. उरलेल्या रानात कापूस, आणि कापसात तणनाशक. गुनुगु हे शेतकऱ्याच्या लेखी तणच, त्याने ते मारलं तर त्याला दोष कसा द्यायचा? खुरपायला बाई मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. हीच बाई संध्याकाळी गुनुगु विकत घेते. वरंगळच्या बाजारात अमावास्येच्या आदल्या दिवशी तंगेडूच्या आणि गुनुगुच्या जुड्यांचे ढीग लागतात. रानात राहणारी माणसं पहाटे टेम्पोने आणतात आणि दुपारपर्यंत भाव दुप्पट होतो. त्यांच्या चार पैशांबद्दल मला आनंदच आहे. पण जे फुकट होतं म्हणून सर्वांत गरीब बाईची बतुकम्माही पाटलिणीच्या इतकीच भरघोस व्हायची, ते आता तसं राहिलं नाही. गल्लीतल्या धुणंभांडी करणाऱ्या बाईची परात शेवटच्या वर्षी निम्मी तंगेडूची आणि निम्मी झेंडूची होती. झेंडू तरी शेतातला. एका बंगल्यात तर कागदी फुलांची तयार बतुकम्मा काचेच्या पेटीत पाहिली, दर वर्षी पुसून बाहेर काढायची म्हणे. बुडवायची भानगडच नाही.

अव्वाला मी एकदा विचारलं होतं, तंगेडू अंगणात का लावत नाही? ती म्हणाली लावला होता, जगला नाही. जास्त पाणी घातलं.

कोणाला जायचं असेल तर वरंगळ काही फार लांब नाही. सिकंदराबादहून रेल्वेने अडीच-तीन तास. स्टेडियमच्या नादी लागू नका. पहिल्या दिवशी हजार खांबांच्या देवळात उन्हं कलायच्या आत पोहोचा, नंतर आत शिरता येत नाही. फोटोसाठी गोल तोडून मधे घुसू नका, बायका गाणं न थांबवता कोपराने बाहेर काढतात. कोणी मलिदा पुढे केला तर ‘नको’ म्हणायचं नसतं, पदर नसेल तर ओंजळ धरा. आणि परतीचं तिकीट काढताना दिवस मोजून घ्या. सहाव्या दिवशी पोहोचलात तर काहीच दिसणार नाही, ती रुसलेली असते.